टोपली आत नेणारं घर

शुक्रवार, १४ डिसेंबर १९३४

कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं : "टोपली रिकामी होऊन परत आली. भागूचा चेहरा फुलला होता." टोपली रिकामी नव्हती. चेहऱ्याबद्दलही आता खात्री वाटत नाही.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, नियम असा की लिहिलेलं खोडायचं नाही. चूक तशीच राहू द्यायची आणि पुढच्या तारखेखाली दुरुस्ती लिहायची. त्यांनी मला घरीच शिकवलं, शाळेत कधी घातलं नाही. त्यामुळे शाळा सुटते तसे त्यांचे नियम माझे कधी सुटले नाहीत.

तर दुरुस्ती. काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझ्या वर्गातल्या अधू मुलांनी स्वतः लावलेली मेथी आणि चुका मिलच्या मागच्या गल्लीत घरोघर वाटायचा, हा बेत माझाच. लोकांनी या मुलांना आजवर दिलं, आता मुलांनी लोकांना द्यावं. पुढे आंधळी भागू टोपली घेऊन, मुका व्यंकटी तिचा हात धरून, आणि मागून चांदबी, एक पाय ओढत, काठी टेकत. बोलायचं काम तिचं. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. मुद्दामच. बाई बरोबर असली की लोक बाईकडे बघून बोलतात. टोपली फडक्याने झाकलेली परत आली आणि मी मानलं, रिकामी.

आज वर्गाच्या बागेत चांदबी पाटावर बसून मेथी खुरपत होती. मध्येच म्हणाली, "बाई, कल की ज्वार का क्या करना?"

कसली ज्वारी?

"उनो डाले ना टोपली में. हमना फकीर समजे." आणि खदखदून हसली.

अवजारांच्या खोपटात जाऊन टोपलीवरचं फडकं काढलं. तळाशी ज्वारी. भाकरीचे तुकडे. एक ढब्बू पैसा.

"भाजी घेतली ना पण त्यांनी?"

"लिये की. भाजी बी लिये, और डाले बी."

भागू दोरीपाशी उभी होती. वाफ्यांच्या कडेने आम्ही दोरी ताणली आहे. एक गाठ लागली की मेथी, दोन गाठी चुका, तीन गाठी गाजर. त्या गाठींवरून ती एकटी बागभर फिरते. आज नुसतीच एक गाठ चाचपत राहिली होती.

"तू का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगू बाई? टोपली जड झाली. मला वाटलं, तुमालाच पायजे आसंल."

शनिवार, १५ डिसेंबर

वर्गाची जागा वकीलकाकांची. बंद पडलेल्या धर्मशाळेचं परसू, विहीर, दोन खोल्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, वाईट वाटून घेतील. ते खूशच झाले. "अहो, लोकांच्या मनात दया उपजली! याहून काय पाहिजे? पुढच्या गुरुवारी दोन टोपल्या पाठवा."

मी म्हणाले, "काका, आम्ही द्यायला गेलो होतो."

"तेच ते. द्या आणि घ्या."

 

रविवार, १६ डिसेंबर

मिलला सुट्टी. भागूची आई तानाबाई आली होती, रीळ खात्यात काम करते. बरोबर तिचा भाऊ, बिरामामा. मंगळवेढ्याकडचा. मेंढरं गेली, म्हणून दिवाळीपासून बहिणीकडे राहतो. मोठा माणूस, मोठं मुंडासं. बोलतो मात्र हळू. दारातच उकिडवा बसला, पाटावर बसेना.

"बाई, गुरवारी मी हाटेलात बसून बगत हुतो. पोरीला लई चांगलं शिकिवलंत. दारात उभं कसं ऱ्हायचं ते बी."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच मनापासून म्हणत होता.

मग मुद्द्यावर आला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत भागूला देवळाच्या वाटेवर बसवायचं. "पाचसा दिस. नुसतं बसायचं. वरसाची ज्वारी निगती. आन एकदा लोकाला तोंडवळखीची झाली की मग बारा महिने…"

बारा महिने. म्हणजे वर्ग संपला. भागू बाराची आहे. चौथ्या वर्षी देवी आल्या त्यात डोळे गेले. वर्गात आली तेव्हा भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नसे.

मी काही बोलण्याच्या आत तानाबाईनेच विचारलं. तिच्या बोलण्यात कटुता नव्हती, अडचण होती. "बाई, रागावू नगा. गुरवारी तुमी न्हेली त्ये, आन ह्यो न्हेणार त्ये, ह्यात फरक काय? तुमी शिकल्याल्या. सांगा."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

विचार करून सांगते! असं म्हणाले मी.

मंगळवार, १८ डिसेंबर

फरक काय.

१. आम्ही मागितलं नव्हतं. (पण मिळालं, आणि परतही केलं नाही.)
२. आम्ही भाजी दिली. (मग ती भिकेच्या बदल्यात दिली असं होतं.)
३. हेतू. आप्पा म्हणाले, "फरक हेतूचा." खरं आहे, पण हेतू टोपलीत दिसत नाही. आणि भागूला तर टोपलीही दिसत नाही, फक्त जड लागते.

रात्री जेवताना आत्या ताक वाढता वाढता म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून घातली असेल मूठभर. शेजारणीची वाटी आपण नाही का साखरेची चिमूट घालून देत?"

केवढा धीर आला! जेवण गेलं चार घास जास्त. मग अंथरुणावर पडल्यावर आठवलं : भाकरीचे तुकडे. शेजारणीच्या वाटीत कोणी शिळ्या भाकरीचे तुकडे घालत नाही.

पण ज्वारी? ज्वारीचं काय? ती कुठल्या मनाने पडली हे कसं कळणार?

बुधवार, १९ डिसेंबर

भागूलाच विचारलं. तिला कोड्यात पाडायचं नव्हतं म्हणून गाजराला माती लावता लावता.

"टोपली तुझ्या हातातून कोणी घेतली होती का?"

"न्हाय. मीच धरल्याली. भाजी उचलत्यात आन मग वरनं पडतं." तिने हात उंच धरून मूठ सोडून दाखवली. मातीच पडली माझ्या पदरावर. "एका घरात तेवढी घेतली की. लिंबाच्या झाडाचा वास येतो त्या घरात. टोपली आत न्हेली, मग परत हातात दिली. गूळ हुता."

"गूळ? मला टोपलीत गूळ नाही दिसला."

व्यंकटीला ऐकू येत नाही, पण ओठांवरून 'गूळ' तेवढा बरोबर कळला असावा. त्याने बोट चाटून दाखवलं.

चांदबी म्हणाली, "गुड़ रस्ते में खतम हुआ बाई. उसकू क्या झूट बोलूं?"

तर एक घर आहे जिथे टोपली आत गेली. एक तरी आहे. बाकी सगळीकडे वरून.

गुरुवार, २० डिसेंबर

जावं की न जावं, सकाळपर्यंत ठरेना. काकांनी दोन नव्या टोपल्या पाठवल्या. त्या खोपटात उलट्या ठेवल्या. ठरवलं की टोपलीच न्यायची नाही. जुड्या बांधून हातात. हातातून हातात द्यायची, घालायला भांडंच नको.

आज मी थोडी मागे राहून गल्लीत गेले. भागूने जुडी पुढे केली की बायका आधी चपापायच्या. एकीने जुडी घेतली आणि पैसा भागूच्या परकराच्या ओच्यात खोचला. दुसरीने गालावरून हात फिरवला, डोळे पुसले, "गेल्या जन्मीचं गं बाई," म्हणाली आणि भाजी घ्यायची विसरूनच गेली. चांदबीने तिच्या मागे जाऊन उंबऱ्यावर जुडी ठेवली. वर टोला : "रोना बाद में, पैले भाजी पकाओ."

बिरामामा मागे मागे होता. हात पाठीशी बांधून. बाजारात जनावर बघतात तसं… हे वाक्य अन्यायाचं आहे. त्याला भाची आवडते. तिच्या पायात काटा गेला तेव्हा भर गल्लीत मांडी घालून त्याने तो काढला. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहिते.

लिंबाचं झाड. घर शरणव्वा आजींचं. कानडी माणसं, म्हातारी उंबऱ्यातच जपमाळ घेऊन बसली होती. जुडी घेतली, पण आशीर्वाद नाही, काही नाही. उलट भांडायलाच लागली.

"मागच्या येळंला भाजीत माती होती. दोन डाव धुतली तरी दातात येती. असं देतात होय भाजी? आणि चुका लई आंबट. कोण लावलं?"

भागू म्हणाली, "मी."

"तू लावलं तर तूच धुवून द्यायचं. साकू, पुरे, जा आता."

चांदबी गल्ली संपेपर्यंत म्हातारीला शिव्या घालत होती. भागू मात्र हसत होती, तोंड वर करून. "आज्जी भांडली, म्हंजी तिनं खाल्ली की!"

आज चेहरा मी नीट पाहिला. फुलला होता. हे दुरुस्त करावं लागणार नाही.

शनिवार, २२ डिसेंबर

नवा धडा : भाजी धुणे. विहीर तळाला गेली आहे, म्हणून एकाच घंगाळातलं पाणी. आधी मेथी, मग चुका, मग गाजरं, मग तेच पाणी झारीने वांग्यांना. व्यंकटी रहाटावर. बादली भरली की खेचायचं हे त्याला हाक मारून सांगता येत नाही, म्हणून भागू दोर दोनदा हिसडते. दोर बोलतो दोघांत. चांदबी देठ खुडते आणि दोघांना नावं ठेवते.

भागूने धुतलेलं पान जिभेला लावून पाहिलं. कचकच नाही.

तासभर मी काळजी विसरले. लक्षात येताच अपराध्यासारखं वाटलं. वीस दिवस राहिले गड्ड्याला आणि तानाबाईला मी उत्तर दिलेलं नाही.

मंगळवार, २५ डिसेंबर

वाईट दिवस.

भागू गाजरांच्या ओळीत बसून काहीतरी गुणगुणत होती. जवळ गेले. "धरम करा माय… आंधळीला धरम करा…" सुरात, शेवट लांबवत. बिरामामा घरी रोज म्हणवून घेतो. चांदबीला चाल आवडली, तीही म्हणायला लागली. मग सगळा वर्ग. व्यंकटीही तोंड उघडून मान डोलवत होता, त्याला वाटलं प्रार्थना.

मी टाळी वाजवून थांबवलं. भागू गोंधळली. "चुकलं व्हय? मामा म्हंतो आवाज बारीक काड. मोट्यानं म्हटलं तर कुणी देत न्हाय."

मोठ्याने बोल, मोठ्याने बोल, हे मी तिला दोन वर्षं शिकवते आहे. पहिले सहा महिने तिचा आवाज मला ऐकूच येत नसे.



गुरुवार, २७ डिसेंबर

आज गेलो नाही. मुलांना सांगितलं की भाजी अजून लहान आहे. खोटं. मेथी हातभर झाली आहे, भागूच्या हाताला ते कळतं.

तीच दुपारी म्हणाली, "बाई, जायाचंच न्हाय का आता?"

मग मी खरं सांगितलं. लोक घेतात पण देणारे समजत नाहीत, मला उपाय सुचत नाही. बारा वर्षांच्या मुलीला सांगायचं ओझं होतं का हे? पण विचारलं तिने.

ती मुळं झटकत राहिली. म्हणाली, "दारात उभं ऱ्हायलं की आपुन मागणारं. कायबी हातात आसू दे. त्यास्नीच आपल्या दारात बलवावं की."

"आपलं दार कुठे आहे गं?"

"ह्ये काय, हितं. येळवस आली की."

वेळ अमावास्या. आमच्या घरी शेत नाही, म्हणून माझ्या डोक्यात ती नव्हतीच. भागूला गावाकडची आठवते, डोळे होते तेव्हाची : कडब्याची खोप, चुना लावलेले पाच दगड, आंबिलीचं मडकं. त्या दिवशी शेतात जो येईल तो जेवतो. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात. बोलावलं की कोणी नाही म्हणत नाही, आणि जेवणारा वरून टाकत नाही. खाली बसतो.

अमावास्या शनिवारी, ५ तारखेला. शेत म्हणावं तर आमचं परसू सहा वाफ्यांचं. पण आहे.

मंगळवार, १ जानेवारी १९३५

आमंत्रणाला मुलंच गेली. हातात काही नाही. मी गल्लीच्या तोंडाशी. एक बाई त्यांना पाहताच सवयीने आत ज्वारीच्या कणगीकडे वळली. चांदबी ओरडली, "ठैरो! हम लेने नै आये. देने बी नै आये. बुलाने आये!" बाई मूठ तशीच धरून उभी. मग मूठ कुठे ठेवावी तिला कळेना, पुन्हा आत गेली.

वकीलकाका नाराज. शनि-अमावास्या, रांधणार कोण, कोणाच्या हातचं कोण खाणार. आणि बोलावताच आहात तर फाटकापाशी एक दानपेटी ठेवा. मी "नाही" म्हणाले. एवढाच शब्द. काका म्हणाले, "तुमची मर्जी. जागा मात्र माझी आहे."

धमकी होती की आठवण? रात्रभर हेच.

आत्या म्हणते, शनि-अमावास्येला काळं कुत्रं यायचं नाही.

शनिवार, ५ जानेवारी

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

व्यंकटीने कडब्याची खोप केली. विणकराचा मुलगा, पेंढ्या अशा बांधल्या की वाऱ्याने हलत नव्हत्या. आंबील आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी तानाबाईने केली. मिलची पाळी बदलून घेतली होती, कोणाला न सांगता. पाच दगडांना चुना लावला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत कोणी नाही. दोन बायका फाटकापर्यंत आल्या, आत पाहिलं, आपसांत बोलल्या, गेल्या. आंबिलीवर माश्या. भागू दर थोड्या वेळाने विचारी, "आलं का कुणी?" मी "येतील" म्हणत होते. चांदबी म्हणाली, "बाई, आप झूट अच्छा नै बोलते."

मग शरणव्वा आजी आल्या. नातसुनेचा हात धरून, स्वतःची वाटी पदरात घेऊन. फाटकातूनच, "आज माती नाही ना?" त्यांच्यामागून लिंबाच्या झाडाजवळच्या तीनचार जणी. म्हातारी निघाली म्हणून आल्या. आपापली भांडी घेऊन, आपापल्या अंतरावर बसल्या. पण बसल्या, खालीच. वकीलकाका आले, उभ्याउभ्या एक गाजर खाल्लं, धुतलेलं आहे का विचारून.

भागूने वाढलं. आंबील ओतताना आवाज बारीक होत गेला की वाटी भरली, हे तिला कळतं. एकदाही सांडली नाही. कोणी "बिचारी" म्हटलं नाही. एकीने म्हटलं, "मीठ कमी आहे." मला रडू येईल असं वाटलं. मिठावरून!

सर्वांत शेवटी बिरामामा. मुंडासं नीट बांधून, पाहुण्यासारखा. दगडांच्या पाया पडला, बसला, दोनदा आंबील मागून घेतली. मग भागू त्याला दोरीवरून घेऊन निघाली, तो वाकून, ती ताठ. "हितं येक गाठ, मेथी. ह्यो चुका. हितं वाक मामा, तीन गाठी. वढ." त्याने गाजर उपटलं. वाकडं, बोटभर. मुंडाशात खोचलं.

मला वाटलं, झालं. आता हा म्हणेल, राहू दे पोरगी इथंच.

जाताना माझ्यापाशी थांबला. "ब्येस झालं बाई. पोरगी हुशार हाय. पन येळवस येकच दिस. पोट रोजचं हाय की." आणि मुंडाशातलं गाजर काढून कपाळाला लावून गेला.

भागूने ऐकलं. भांडी घासत होती, घासतच राहिली.

सोमवार, ७ जानेवारी

संध्याकाळी मिल सुटल्यावर तानाबाई परस्पर इकडेच आली. केसांत सुताचे तंतू. बसली नाही.

मी तिच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं, वरून टाकणं आणि आत नेणं, सगळं. ती म्हणाली, "त्ये मला शनवारी दिसलं बाई. आता सांगू नगा."

मग खरी गोष्ट. भागूला देवी आल्या तेव्हा बिरामामाने स्वतःची दोन मेंढरं विकून वैद्य आणला होता. नवरा गेल्यावर तिला सोलापुरात मिलच्या फाटकापर्यंत त्यानेच आणून सोडलं. "त्याला न्हाय म्हणाया मला तोंड न्हाय. त्यो वंगाळ न्हाय वो. त्याला दुसरं कायच येत न्हाय आता."

"मग मी काय करू?"

"तुमी मागा."

मला कळेना.

"पोरगी मागा. गड्डा सरस्तवर तुमच्या घरी ठिवाया. माज्या दारात या आन त्याच्या म्होरं मागा. मी त्याला न्हाय म्हणू शकत न्हाय. पन दारात आल्यालं माणूस रिकामं लावत न्हाई आमी. त्यो बी न्हाय लावणार, आमचा बाप तसाच हुता." जाता जाता वळली. "शुक्रवारी या. शनवारी त्यो जागा धराया जाणार हाय, पोरीला घिऊन."

आली तशी गेली. मी अंगणात उभीच.

मागायचं. मी. मिलच्या चाळीत, गल्ली बघत असताना.

मंगळवार, ८ जानेवारी

आप्पांना विचारलं. भागू आपल्या घरी राहील का, गड्डा होईपर्यंत. आप्पा वाचत होते ते वाचतच राहिले. आत्या स्वयंपाकघरातून, "झोपेल कुठे? माजघरात नाही हं. आणि विहिरीला हात लावायचा नाही." मग पुन्हा आत्याच : "गूळ-शेंगदाणे खाते का ती?"

आप्पांनी शेवटी चष्मा काढला. "आणि गड्डा झाल्यावर? फाल्गुनात? पुढच्या गड्ड्याला?"

मला माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही. पाच दिवस मागून घेणं म्हणजे काही सोडवणं नव्हे, हे मला कळतं.

"मुंजीत आम्हांला भिक्षा मागायला लावतात," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो. लाजेने तोंडच उघडेना. तुम्हां मुलींना ते नाही, म्हणून तुम्हांला वाटतं फक्त देणंच अवघड असतं." आणि परत वाचायला लागले. हो म्हणाले का? मी हो धरते आहे. चूक असेल तर खाली दुरुस्ती लिहीन.

गुरुवार, १० जानेवारी



शंका : बिरामामा हसला तर? वकीलकाकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी जागा काढून घेतली तर? तानाबाईचा माझ्यामुळे भाऊ तुटला तर? तो म्हणाला, "बाई, तुमी मागता तर चालतं, माज्या भाचीनं मागितलं तर का न्हाय?" तर? याचं उत्तर माझ्याजवळ अजून नाही. बहुधा उद्याही नसेल.

भागूला अजून विचारलंच नव्हतं, हे आज दुपारी लक्षात आलं. सगळे मिळून तिचं ठरवतो आहोत आणि तिला कोणी विचारलं नाही. मी सुद्धा. वांग्यांना पाणी घालत होती.

"तुला गड्ड्यावर जायचंय का गं?"

"जायाचंय की! पाळणा हाय म्हंत्यात. चांदबी म्हंती, पाळण्यात बसलं की पोटात कसंतरी हुतं." जरा थांबून, "बसाया न्हाय जायाचं. पाळण्यात बसाया."

चांदबीने तिथूनच जोडलं, "रस्ते पे बैठी तो मैं पैसा नै डालती, बोल के रखती हूं. मेथी डालूंगी, मिट्टीवाली."

तिला सगळं सांगितलं. मी उद्या येणार, काय मागणार. ती ऐकत होती, पाणी आळ्याबाहेर वाहून गेलं तरी झारी तशीच. मग म्हणाली, "म्हणून दावा."

"काय?"

"काय म्हणणार त्ये."

मी म्हटलं. बिरामामा, मी तुमच्या दारात मागायला आले आहे, गड्डा होईपर्यंत भागूला माझ्या घरी ठेवा. स्वतःचाच आवाज ऐकला. बारीक निघाला, शेवटी ओढलेला. तिनेही ऐकला.

"आसं नगं बाई. मामाला ह्यो आवाज ठावं हाय, त्यानंच शिकिवलाय. मोट्यानं मागा."

दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा व्यंकटीने रहाट सोडून माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू येत नाही, पण मानेच्या शिरा दिसल्या असतील. भागू म्हणाली, "हां. असं."

टोपली काढून ठेवली आहे. पहिल्या गुरुवारचीच, नवी नव्हे. धुतली. भाजी नेणार नाही, काहीच नेणार नाही. फडकंही नाही, रिकामी आहे ते दिसू दे. ती कोणी हातातून घेतं की नाही, आत नेतं की नाही, तेवढंच मी बघणार.

उद्या, शुक्रवार, ११ जानेवारी. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की निघायचं.